शिडीची ताडपत्रीची बॅग

मित्रांनो, ट्रकवर टाकायच्या ताडपत्रीचा एक तुकडा उरला होता, त्यातून माझा जन्म झाला. मी एक जुनी खेळाची बॅग आहे. एके काळी मी निळी होते, हे आता कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मला शिवणाऱ्या बाबांचा धंदाच ताडपत्र्या शिवण्याचा. त्यांच्या मुलीचं डोकं लहानपणीच दाराच्या चौकटीला लागायला लागलं होतं. सगळे तिला शिडी म्हणत. बाजारातल्या एकाही बॅगेत तिचे बूट मावेनात. "हे बूट आहेत की होड्या?" असं म्हणत बाबांनी मला जाड सुईच्या मशीनवर शिवलं आणि पट्ट्याला तिहेरी टीप मारली. आई मात्र काळजीत. "आधीच ताडमाड, त्यात बास्केटबॉलच्या उड्या! आणखी वाढली म्हणजे?"

शिडी आणखी वाढली. एका मोठ्या क्लबने तिला पगारी खेळाडू म्हणून घेतलं. क्लबने चकचकीत नवी बॅग दिली, तिच्यात शिडी धुवायचे कपडे भरायची. सामन्याला मीच जायचे. पहिला मोसम ती राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिली आणि मी बाकाखाली. पण पुढे ती अशी काही खेळू लागली, की रिंगला लागून उडालेला चेंडू तिच्याच हाती जाणार, हे प्रेक्षक धरून चालत.

मग तिला मुलगी झाली. मी कपाटावर गेले. माझ्यावर गाद्या आल्या, गाद्यांवर धूळ आली.

एके दिवशी क्लबचे मॅनेजर खुळखुळा घेऊन बाळ बघायला आले. चहा पिता पिता म्हणाले, "आता निवांत राहा. तुमच्या जागी नवी मुलगी घेतोय."

"माझी जागा मी सोडल्याचं मला तरी आठवत नाही," शिडी म्हणाली.

मॅनेजर चपापले. "बरं, दोन सामने खेळून दाखवा. जमलं तर करार, नाहीतर मग आमचा नाइलाज आहे."

दुसऱ्या दिवशी तिने मला खाली ओढलं आणि सटासट शिंकली. आता माझ्यात बुटांशेजारी दुपटी आणि लंगोट आले. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. ती मैदानाला फेऱ्या मारी, तेव्हा तो मागून बाळाची गाडी ढकलत चाले. सुरुवातीला तिला इतकी धाप लागे, की गाडीच पुढे निघून जाई.

पहिल्या सामन्यात तिचे सोपे नेमही चुकले. संघ हरला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "घरी जा, बाळ रडतंय!" ती हसून आत आली आणि टॉवेल शोधायच्या निमित्ताने माझ्यात तोंड घालून रडली. हे फक्त मला माहीत आहे.

दुसऱ्या सामन्यात मध्यंतरापर्यंत आमचा संघ चौदा गुणांनी मागे होता. कोच मॅडमचा आवाज असा, की त्या रागावल्या की बाहेरच्या गाड्यांनाही ऐकू जाई. त्या तावातावाने संघाच्या खोलीत आल्या. शिडीच्या खांद्यावर बाळ नुकतंच पिऊन झोपलं होतं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

मॅडमचा आ तसाच राहिला. मग त्या कुजबुजल्या, "तुम्हाला... लाज... वाटत नाही?"

सगळ्या मुली तोंडावर हात दाबून खदखदल्या. मॅडमलाही हसू फुटलं. ऐकू यावं म्हणून सगळ्यांना डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "शिडी, तुझ्यावर दोघी धावून येतायत ना? मग आपली एक मोकळी असणार. तिला दे."

शिडीने बाळाला टॉवेलांच्या घडीवर, माझ्यात निजवलं. नवरा शेजारी बसला. भिंतीपलीकडून बुटांची कचकच ऐकू येत होती. मुलींनी नंतर सांगितलं, की शिडी चेंडू देत राहिली, मोकळ्या मुली गुण करत राहिल्या. शेवटी तिलाच मोकळं सोडलं गेलं, तेव्हा तिने चेंडू बरोबर रिंगमधून उतरवला. असा गलका झाला, की बाळ दचकून उठलं आणि त्याने भोकाड पसरलं. आम्ही जिंकलो होतो.

मॅनेजर आत आले. रडणाऱ्या बाळाकडे बघत म्हणाले, "पुढच्या दौऱ्याला बाळाची गाडी बसमध्ये कुठे ठेवायची, तेवढं सांगा."

शिडी पुढे कित्येक वर्षं खेळली, कर्णधार झाली. तिच्यानंतर संघातल्या आणखी दोघी आई झाल्या आणि खेळायला परतल्या. बाळाच्या गाडीसाठी त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

आता मी तिच्या लेकीकडे आहे. तिला बास्केटबॉलचा कंटाळा, ती पोहते. पोहून आली की ओला टॉवेल माझ्यात कोंबते आणि विसरते. मला एका कोपऱ्यात बुरशी धरली आहे. मित्रांनो, खेळून आलात की आपली बॅग रिकामी करा, उलटी करून उन्हात ठेवा. उसवली तर दोन टाके घाला. पण लगेच टाकून देऊ नका. आम्हालाही पुढच्या सामन्याला यायचं असतं.