फाडायची राहिलेली फाइल

“भाऊसाहेब, यादीत नंबर आहे म्हणजे फाइल असणारच. काढा बरं,” सरकारी वकीलबाई म्हणाल्या.

फाइल होती. माझ्याच कपाटात होती, आणि तिथं असायला नको होती.

कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी तीस वर्षं कारकून होतो. अल्पवयीन मुलांच्या फाइली मुदत संपली की फाडायच्या असतात. माझी खोड अशी, की फाडण्यापूर्वी मी वाचत बसे. ही फाइल पंधरा वर्षांच्या एका मुलाची. त्यानं दुकान फोडून सायकल नेली होती. शेवटच्या पानावर त्याच्या हातचा माफीनामा होता : ‘सायकल परत दिली तेव्हा तिची तुटकी चेनपण मी नीट करून दिली.’ ते पान काही मला फाडवेना. मुदत उलटून नऊ वर्षं झाली, फाइल तशीच.

आता तो बत्तीस वर्षांचा प्लंबर होता. कामावरच्या भांडणात त्यानं मुकादमाचं नाक फोडलं होतं. गुन्हा शाबीत झाला होता, शिक्षा दुपारी ठरायची होती. पहिलाच गुन्हा धरला तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका. जुनी फाइल पुढे आली तर तुरुंग.

“तेव्हा पोर होता हो तो,” मी पुटपुटलो.

“आणि आता? नाक काय आपोआप फुटलं?” बाई म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं.

दुपारी न्यायाधीशांनी फाइलसाठी हात पुढे केला. मी ती छातीशी धरून उभा. ‘आणतो, साहेब’ यापलीकडे त्या खोलीत मी कधी बोललो नव्हतो.

“साहेब, ही नऊ वर्षांपूर्वीच फाडायला हवी होती. चूक माझी आहे. तिची शिक्षा त्याला नको.”

“का नाही फाडली?”

“वाचत बसलो, साहेब.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी हात मागे घेतला. “वेळेवर फाडली असती तर आज माझ्यापुढे आलीच नसती. मग मी ती बघणार नाही. इथंच फाडा. आणि लेखी खुलासा द्या.”

शेवटच्या पानाशी माझा हात अडला. मागच्या बाकावरून प्लंबरची आई बघत होती. फाडलं.

तो हमीवर सुटला. निवृत्तीला चार महिने असताना माझ्या सेवापुस्तकात ठपका आला. बायको म्हणाली, “चला, तीस वर्षांत तुमच्याबद्दल कुणी काही लिहिलं तरी!”

पुढं आमचा नळ गळायला लागला तेव्हा मी मुद्दाम त्यालाच बोलावलं. काय बोलायचं ते दोनदा मनात घोकलं होतं.

“काका, तुम्ही कोर्टातले ना?” त्यानं दारातच विचारलं.

मी मान हलवली. घोकलेलं राहिलं बाजूला, मी गळका नळच दाखवला. तो खाली बसून कामाला लागला.

तो गेल्यावर मी हात धुवायला गेलो. नळ गळायचा थांबला होता. न्हाणीघराच्या दाराची कित्येक वर्षं लोंबणारी कडीही, कुणी न सांगता, घट्ट बसवलेली होती.