कुठल्या पानावर कळलं

“ही लग्न करणार,” सासरे म्हणाले आणि पुस्तकात बोट ठेवून त्यांनी ते मिटलं.

टेबलावरची ताटं उचलणारी सून जागच्या जागी थांबली. वरच्या ताटातला चमचा घसरून फरशीवर पडला.

“कोण?”

“कोण काय? ही शिंपीण. नवरा गेल्यावर शिवणयंत्रावर चादर टाकून बसलेली. अजून निम्मं पुस्तक उरलंय, पण लेखकाचं बिंग फुटलं. पान एकसष्ट. तिथे ती पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं कापड कापते. आतापर्यंत दुसऱ्यांचंच कापत होती.”

तिने वाकून चमचा उचलला. उचलायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ घेतला.

सासऱ्यांचा सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच्या चुका काढायची सोय राहिली नाही, म्हणून ते धक्कादायक शेवटाच्या कादंबऱ्यांच्या मागे लागले. हरवून परत आलेला भाऊ खरा की तोतया, म्हातारी खरोखर आंधळी आहे की सोंग करते, हे ते पुस्तक निम्मं व्हायच्या आत सांगून टाकत. नुसतं सांगून थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. कुठल्या पानावर कळलं तेही सांगत. मुलगा यावर भयंकर चिडायचा. बापाचा हात लागलेलं पुस्तक तो वाचायचाच नाही.

तो तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. मागे राहिलेली दोघं त्याच्यामुळे एकमेकांची होती, आणि आता तोच नव्हता. समोरासमोर जेवायला बसल्यावर बोलायचं काय, हा रोजचा पेच होता. शेवटी ती चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून येताना शेजारच्या वाचनालयातून एक कादंबरी घेऊन आली.

“वाचा बाबा. शेवटी म्हणे असा धक्का आहे...”

“अगं, हे सांगायचं असतं का? धक्का आहे म्हणालीस की माणूस कठडा धरूनच बसतो. मग कसला धक्का?”

तेव्हापासून पुस्तक पुढे ठेवताना ती फक्त “वाचा” म्हणायची. मग जेवताना तिसऱ्याच लोकांच्या भानगडी निघायच्या. कोणी कोणाला फसवलं, कोणी कधी ओळखायला हवं होतं, यावर दोघं तावातावाने भांडायची आणि घरात माणसं राहतात असं वाटायचं. एवढ्या भांडवलावर त्यांनी तीन वर्षं काढली होती.

दुकानात एक गिऱ्हाईक यायचं. विजेचे मीटर तपासणारा, बेताच्या उंचीचा, ज्याच्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला ढिला व्हायचा. स्क्रू कधीच ढिला नसतो हे तिला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. तरी ती तो घट्ट करून द्यायची. आता त्याची बदली दुसऱ्या गावी झाली होती, आणि पुढच्या महिन्यात ती त्याच्याबरोबर जाणार होती. रविवारी तो सासऱ्यांना भेटायला येणार होता. राहिलं होतं ते एवढंच, की सासऱ्यांना सांगायचं.

तिच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून तिने पुस्तकांना कामाला लावलं. आधी एक कादंबरी आणली, तीत वर्षानुवर्षं राहिलेली भाडेकरू बाई एका सकाळी निघून जाते. मग दुसरी, जिच्यातल्या नर्सचं दुसऱ्या गावात एक वेगळंच आयुष्य निघतं. आणि आता ही शिंपीण. ताकाला जाऊन भांडं लपवायचाच प्रकार होता तो. सासरे तिन्ही वेळा निम्म्यात शेवटाला पोचले आणि तिन्ही वेळा ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ज्यांना पानावरच्या बाईचं मन कापडाच्या मापावरून कळतं, त्यांना समोर वाढणाऱ्या बाईचं कळलं नसेल, हे तिला खरंच वाटलं नाही. त्यांना कळलंय आणि ते मूग गिळून बसलेत, अशी तिने खात्री करून घेतली होती. ती खात्री तिच्या फार सोयीची होती.

तिने ताटं पुन्हा टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

“बाबा, हे पुस्तक मी मुद्दाम आणलं.”

“मुद्दामच आणतेस की. रस्त्यात सापडतात होय?”

“तसं नाही. याच्या आधीची दोनसुद्धा.”

ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मग तिने सगळं सांगितलं. मीटरवाला, बदली, पुढचा महिना, रविवार. सांगताना ती टेबलावरचा एक वाळलेला डाग नखाने खरवडत होती आणि तो निघून गेल्यावरही खरवडत राहिली.

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. असं पुसू नका, काचेवर चरे पडतात, हे ती एरवी हमखास म्हणाली असती.

“कळलं होतं मला,” ते म्हणाले. “कधीच.”

तिचा जीव भांड्यात पडला. ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले ते तिने पुसलेही नाहीत.

“वाटलंच होतं मला! तुमच्यापासून काय लपतंय? मी उगाच महिनाभर झुरतेय.” आणि सवयीने, चिडवायच्या सुरात तिने विचारलं, “कुठल्या पानावर कळलं?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांची नजर तिच्यावरून, टेबलावरून, दाराजवळ टांगलेल्या तिच्या पिशवीवरून फिरली.

“तू ते... उशिरा यायला लागलीस ना मध्यंतरी.”

“मी एकदाही उशिरा नाही आले, बाबा.”

“मग ते गाणं. स्वयंपाक करताना गुणगुणायचीस.”

“नाही हो, मी...”

ती थांबली. हो म्हणायला हवं होतं, हे तिच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. सासरे अजूनही तिच्याकडे बघत होते, आणि ते तीन वर्षांत तिला पहिल्यांदाच इतके म्हातारे दिसले.

“वाचतो का तो?” त्यांनी विचारलं.

“नाही. वेळ नाही मिळत त्यांना.”

“मग जेवताना काय बोलाल?”

“सापडेल काहीतरी.”

“हो. सापडतं.”

ते उठले. ती उठायच्या आत त्यांनी ताटं उचलली, एकावर एक रचली आणि स्वयंपाकघरात नेली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. नळ सुटल्याचा आवाज आला. मग एक कपाट उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं.

“अगं, भांड्यांचा साबण कुठे ठेवतेस तू?”

तिला उठून जावंसं वाटलं. ती उठली नाही. टेबलाची कड धरून बसून राहिली.

“तिथेच आहे, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या समोरच.”