चार वर्षांचा कोर्स

ऐन दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत अफशाला कावीळ झाली आणि काही पेपर राहिले. मुंबईतलं तिचं कॉलेज नावाजलेलं, आणि नियमही तसेच कडक. दुसरं वर्ष पुरं केल्याशिवाय तिसऱ्यात पाऊल नाही. जूनमध्ये ती रोह्याला, शेजारच्या अष्टमी गावातल्या घरी परतली तेव्हा दोनच वाटा उरल्या होत्या. मुंबईलाच वर्ष पुन्हा काढायचं, नाहीतर पेणच्या कॉलेजात, राहिलेले पेपर मागाहून देत, तिसऱ्या वर्षाला बसायचं आणि वेळेत बीएस्सी व्हायचं.

वेळेला महत्त्व होतं ते अब्बांमुळे. मुराद कुवेतला गोदामात कामाला होते. "अफशाची डिग्री झाली की कायमचा येतो," हे त्यांचं वाक्य ऐकतच ती मोठी झाली होती.

ती पेणला जाऊन आली. रसायनशास्त्राच्या वृंदामॅडमनी प्रयोगशाळा दाखवली. "आमच्या ब्युरेट गळतात," त्या सरळच म्हणाल्या, "पण तुझं वर्ष वाया जाणार नाही. शनिवारी प्रवेश बंद होतात, तोवर ये."

अम्मीने, सायराने, ऐकूनच घेतलं नाही.

"लोकं पेणला गणपती आणायला जातात गो, डिग्री आणायला नाय! तुझ्या अब्बांनी तिथल्या साऱ्या लेबर कॅम्पात त्या कॉलेजचं नाव मिरवलंय."

"मग येऊ देत ना त्यांना वेळेवर."

"आणि नापास झाली म्हणून सांगू त्यांना? फोनवर?"

फोनवर तर अफशालाही सांगायचं नव्हतं. त्यांच्या मोहल्ल्यात परदेशी असलेल्या माणसाला वाईट बातमी फोनवर सांगत नसत. दादी वारली तेव्हा अब्बांना ते चाळिसाव्या दिवसानंतर कळलं होतं. कावीळसुद्धा त्यांच्यापर्यंत 'जरासा ताप' म्हणून पोचली होती.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर अम्मीने वाट काढली. "अवो, आता चार वर्षांचा कोर्स निघालाय."

तसा कोर्स खरोखर निघाला होता, म्हणून खोटं बोलणं सोपं गेलं. अब्बांनी फोन इतका जवळ धरला होता की पडद्यावर नुसतं कपाळ आणि एक डोळा दिसत होता. "नीट दिसत नाय, नेट खराब हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "चार तर चार. डिग्री त्याच कॉलेजची पायजे. एका वर्षानं काय होतं? मी हाय ना."

शनिवार गेला. अफशाने मुंबईला दुसऱ्या वर्षात पुन्हा नाव घातलं.

ऑगस्टमध्ये अब्बांच्या खोलीत राहणारे उबेदचाचा रजेवर आले. अत्तराची बाटली आणि खजूर पोचवायला ते घरी आले, तेव्हा अफशा सुट्टीला आलेली होती. चहा पिता पिता चाचा हसून म्हणाले, "मुराद तर हल्ली चहात मीठ घालतो. आम्हीच बनवून देतो त्याला."

कुणी हसलं नाही, तसे ते चपापले.

"त्याच्या डोळ्यांचं... ठाऊक हाय ना तुम्हाला?"

काचबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा, दुसरा निम्मा. डॉक्टर कधीपासून सांगत होता, घरी जा, ऑपरेशन करून घे. मुराद म्हणे, पोरीची डिग्री झाली की जातो. आणि आता कोर्सच लांबला.

"माझं नाव सांगू नका गो," चाचा कळवळून म्हणाले. "तुम्हाला फोनवर घोर नको म्हणून तो बोलला नाय."

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे अफशाला माहीत होतं. डोळ्यामागची नस एकदा वाळली की पुन्हा जगत नाही. तरी दुसऱ्या दिवशी ती पेणला गेलीच. वृंदामॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. "प्रवेश कधीच बंद झाले गं," त्या म्हणाल्या. "तेव्हाच आली असतीस तर."

शुक्रवारी फोन आला. पडद्यावर पुन्हा तेच कपाळ, तोच डोळा.

"नवं कार्ड दाखव बघू कॉलेजचं," अब्बा म्हणाले.

तिने कार्ड समोर धरलं.

"नाव मोठ्यानं वाच. हितं रूमवाल्यांना ऐकू दे. मला दिसत नाय, नेट खराब हाय."

मागून अम्मीने तिचा दंड दाबला. अफशाने कार्ड खाली ठेवलं.

"नेट चांगलं हाय, अब्बा. तुमच्या भुवईचा केस न् केस दिसतोय मला." ती फोनच्या आणखी जवळ सरकली. "आणि कोर्स तीनच वर्षांचा हाय. मी नापास झाले."

अम्मीचा हात गळून पडला. तो डोळा पडद्यावर तसाच होता, तिच्याकडे रोखलेला, आणि त्याला ती दिसत होती की नाही ते कळत नव्हतं.