खाकी उतरवलेली लॉरी

दुपारी सारं घर निजलं होतं. तेवढ्यात चुलीजवळून एक पितळी झाकणी ठणठणत निघाली, पायरीवरून उडी मारून अंगणात आली आणि माझ्या पुढच्या चाकाशी गोल गोल फिरून आडवी झाली. तिच्यामागे छोटी प्रमिला धावत आली. आवाजानं जागे झालेले तिचे वडील, मगनभाऊ, दारात आले. त्यांना पाहिलं मात्र, पोर झाकणी सोडून माझ्या चाकामागे लपली. ती पाळण्यात असताना ते लढाईवर गेले होते. परत आलेला हा मिशीवाला माणूस आपला आबा आहे, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी लॉरी आहे. माझे अवयव पेटाऱ्यांत बसून बोटीनं मुंबईला आले आणि तिथं मला जोडलं. लढाई संपल्यावर आम्हा सगळ्या गाड्यांना देवळालीच्या माळावर उभं केलं. चाकांतून गवत वर आलं. मग लिलाव झाला. मगनभाऊ आणि त्यांचे मित्र कादर मिस्त्री यांनी मला ठोकून-वाजवून पाहिलं आणि पिंपळनेरला आणलं.

पण लष्करातली गाडी तशीच भाड्यानं रस्त्यावर धावू देत नाहीत. तिचं रूप बदलावं लागतं आणि धुळ्याला गाड्या तपासणाऱ्या साहेबापुढे पास व्हावं लागतं. मी पास झाले, तर मगनभाऊ गावात राहून माल वाहणार होते. नाही झाले, तर मला मोडीत घालून ते मुंबईच्या गोदीत ड्रायव्हर म्हणून जाणार होते. प्रमिलेची आई, कमलबाई, हे सगळं ऐकून होती. संध्याकाळी अंगण झाडताना तिचा केरसुणीचा हात माझ्यापाशी आला की थबके.

कामाला सुरुवात झाली. माझ्या दिव्यांवर काळा रंग होता; शत्रूला दिसू नये म्हणून उजेडाला फक्त एक फट ठेवलेली. कादरभाईंनी तो रंग खरवडला, तेव्हा कुणीतरी डोळ्यांवरची पट्टी सोडावी तसं मला वाटलं. ताडपत्रीच्या कमानी निघाल्या. खाकी अंगावर निळा रंग चढला. मागे माल भरायचा लाकडी हौदा बसवायचं काम झुलाल सुतारांकडे गेलं. त्यांनी जन्मभर बैलगाड्या केल्या होत्या. हौदा त्यांनी बाभळीचा केला, मजबूत केला आणि सगळा पुढे सरकवून थेट ड्रायव्हरच्या पाठीला टेकवला. शेंगांची पोती भरायला आलेले हमालही गाडीवानच. त्यांनीही थप्पी पुढेच लावली. बैलगाडीत मागे वजन झालं की ती उलाळ होते, म्हणजे मागे कलंडते आणि जू वर उचलून बैलांचे गळे आवळते. ही भीती त्यांच्या हाडांत होती.

पहिल्याच वळणावर पुढच्या चाकांवर इतका भार आला, की मी वळलेच नाही! मगनभाऊ स्टिअरिंगच्या चक्राशी झुंजले, घामाघूम झाले, आणि मी सरळ शेताच्या बांधाला जाऊन भिडले. माझ्या पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगचा एक पोलादी पाटा कडकन मोडला.

"झुलालभाऊ, हिले बैल कोठे शेतस?" कादरभाई डोक्याला हात लावून आमच्या अहिराणीत म्हणाले. "उलाळ व्हई तरी कोनी मान आवळाई?"

"बैल नही, म्हनीसनच भ्याव वाटस!" झुलालनाना उसळले. "जू दाबाले कोन शे?"

सगळे हसले, पण मगनभाऊ हसले नाहीत. घरी येऊन ते ओट्यावर बसले. "आते काय पास व्हस हाई! मी मुंबईले जास."

कमलबाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. "जा मंग. पन पोरले तुम्हीच सांगा."

प्रमिला माझ्या पायरीवर बसली होती. मगनभाऊ सांगायला म्हणून तिच्याजवळ आले आणि तिच्या पायाशी लोंबणारा मोडका पाटा पाहून खाली वाकले. मग बाह्या सारून सरळ माझ्याखाली शिरले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "पोरी, तो पाना दे वं." तिनं भीत भीत पाना पुढे केला. नंतर दुसराही दिला, तो न मागताच.

नवा पाटा बसला. हौदा मागे घेतला, वजन मागच्या चाकांवर आलं. झुलालनानांना ते पटलं नव्हतं. धुळ्याला निघताना ते हौद्याच्या अगदी मागच्या काठावर जाऊन बसले. "उलाळ व्हयनी ते पहिले मी पडसू!"

साहेबांनी मला भरल्या पोत्यांनिशी वळवलं, पळवलं, मधेच थांबवलं. मी सगळा जीव चाकांत आणला. झुलालनाना डोळे मिटून फळीला चिकटून होते. साहेबांनी मान डोलावली, तेव्हाच त्यांनी एक डोळा उघडला.

"व्हयनी का पास?"

"व्हयनी नाना! आते हात सोडा, फळी मोडशात," कादरभाई म्हणाले.

तेव्हापासून पिंपळनेर ते धुळे हा माझा रस्ता आहे. जाताना शेंगा, कापूस. येताना मीठ, गूळ, पत्रे. रोज संध्याकाळी मी अंगणात येते, आणि आबा उतरायच्या आधीच प्रमिला माझ्या पायरीवर चढलेली असते. मी सुखात आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला एकदम मोडीत काढू नका. तिला तेलपाणी द्या, तिला वजन कुठं सोसत नाही ते पाहा. ती तुमचं घर सांभाळील.

परवा मगनभाऊंनी लेकीला सांगितलं, की हौद्याच्या जागी पूर्वी बाकं होती आणि त्यांवर शिपाई बसत. ती हौद्यात चढून सगळीकडे पाहून आली. मग माझ्या गार पत्र्याला गाल लावून हळूच म्हणाली,

"लॉरी, तुनामुळे मना आबा घर राहयनात. मंग त्या शिपायासले बी तू घर पोचाडी उनी ना?"