तोंडापुढचं काळं वांगं

मी एक जुना यंत्रमाग आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासारख्यांशी बोलायची मला बिलकूल हौस नाही. पण आत्मवृत्त सांगायचं म्हणजे समोरच्यांना 'मित्रांनो' म्हणावं लागतं अशी रीत आहे. तर मित्रांनो, नीट बसा, आणि हातातला फोन जरा खाली ठेवा.

मी किती जुना ते विचारू नका. माझं लोखंडी बीड ओतलं तेव्हा भिवंडीची खाडी एवढीशी होती. लोक एका पायावर उडी मारून पलीकडे जात. मी आलो, माझ्या हादऱ्यांनी तिचे काठ सरकले, आणि तिची खाडी झाली. हे भूगोलाच्या पुस्तकात नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मला कधी विचारलं नाही. तरुणपणी मी एकाच ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, इतकं लांब कापड विणलं होतं, की त्याचं एक टोक पडघ्याला ट्रकात भरून नाशिकच्या रस्त्याला लागलं होतं आणि दुसरं अजून माझ्या पोटातच होतं. एकदा माझा धोटा, म्हणजे ताण्यातून इकडून तिकडे धावणारी ती लाकडी होडी, असा काही उडाला की खिडकीतून थेट कोन गावात, केसरीनाथच्या हळदीत, त्याच्या डोक्यावर जाऊन आपटला. लग्न झालं, पण डोक्याला लागलेला तो मार पुढच्या पिढीत उतरला. पुढची पिढी म्हणजे दीपेश. त्याची गाठ तुम्हाला पडेलच, घाई करू नका.

माझा मालक मोहिउद्दीन शेठ. शेठ आता म्हणतात, पण पोरवयात तो माझ्यापुढे उभा राहून स्वतः माग चालवायचा. कामाचा माणूस होता, एवढं मान्य करतो. माझा एक धागा तुटला तरी माझ्या आवाजात जो बारीक फरक पडतो, तो त्याला पाठमोरा असताना कळायचा. गर्रकन वळायचा आणि गाठ मारायचा. माझी एवढी कदर दुसऱ्या कुणी केली नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, तुम्हाला ती ठाऊक असण्याची शक्यता नाही. कारखान्यात माग चालू असताना कुणाला काही ऐकू येत नाही. मलासुद्धा नाही, माझ्याच खटखटीत मला माझं नाव ऐकू येत नाही. म्हणून इथले सगळे तोंडं वाचतात. या टोकाचा कारीगर त्या टोकाच्या कारीगराला नुसत्या ओठांनी शिवी देतो, आणि ती शिवी वेलांटीसकट पोचते. मीही इतकी वर्षं तोंडंच वाचत आलो. पुढे जे संवाद सांगणार आहे ते मी कानांनी ऐकलेले नाहीत, पाहिलेले आहेत. म्हणून ते तुमच्या कानांपेक्षा भरवशाचे आहेत.

तर, शेठची मुलगी नबीला. कारखान्याच्या कोपऱ्यात काचेची केबिन आहे, तिथे ती बिलं बघते. एके दिवशी तिने टेबलावर फोन उभा केला आणि त्याच्याशी बोलू लागली. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या धोंडूबाईलाही तेच वाटलं. ती दिघाशी गावची, तोंडाने फटकळ.

"एकलीच काय बडबडतंस गो?" धोंडूबाईने दारातून विचारलं.

"पॉडकास्ट हाय, धोंडूमावशी. मी बोलते, लोक ऐकतात."

"लोक कुठं हायत?"

"आपापल्या घरी."

"मंग तू त्यांच्या घरी जाऊन बोल ना, चाय तरी भेटंल."

पॉडकास्टचं नाव तिने ठेवलं 'खटखट'. आवाज माझा, नाव माझं, आणि मला विचारलं नाही! विषय काय, तर कारखान्यातल्या थापा. कोणता कारीगर गावाला जाऊन स्वतःला मालक म्हणवून घेतो, कुणाच्या डब्यातलं अंडं रोज कोण पळवतं. असल्या टाकाऊ गोष्टी लोक ऐकतात, यावरून लोकांची लायकी काय ते ठरवा.

पण ती बोलायची ते काचेकडे तोंड करून. काचेपलीकडे मी, आणि माझ्यापाशी मोहिउद्दीन. तिने थाप मारली की तो इकडे हसायचा. तो हसला की ती थोडी थांबायची, डोळे मिचकवायची आणि थापेला आणखी एक शेपूट जोडायची. तो पुन्हा हसायचा. एकदा तर हसता हसता त्याची टोपी माझ्या ताण्यावर पडली. मी ती विणून टाकणार होतो, पण जाऊ दे म्हटलं.

"मावशी, अब्बा हसले की मना समजतं, भाग जमला," नबीला धोंडूबाईला सांगायची. "बाकी कोन ऐको, न ऐको."

ऐकणारे मूठभरच होते. पण ते काहीबाही लिहायचे, आणि ती वाचून दाखवायची. दुबईला गेलेला कुणी लिहायचा, 'तुझ्या मागे माग वाजतो ना, तो लावून मी झोपतो.' पाहिलंत? सगळं नाव माझं. तरी मला कुणी तेल पाजलं नाही.

आणि मग आला दीपेश. केसरीनाथचा मुलगा, तोच तो. बापाच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, तेव्हापासून याला काम उरलं नव्हतं. म्हणून हा लोकांना पॉडकास्ट वाढवायला शिकवायचा. स्वतःच्या पॉडकास्टवर एकच विषय: पॉडकास्ट कसा वाढवावा. तो ऐकत कोण होतं? तोच. दाढी कोरलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, कारखान्याच्या अंधारात. माझ्या मोटरच्या पट्ट्याला धडकला तेव्हा मला फार बरं वाटलं.

"नबीला, कंटेंट भारी आहे गं तुझा," तो केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "पण साउंड म्हणजे नुसता कचरा! हा मागचा आवाज आधी मारायला पाहिजे. लिसनरशी कनेक्ट व्हायचंय ना तुला?"

मला मारायला पाहिजे! ज्याच्या बापाच्या टाळक्यात माझा धोटा बसला, तो मला मारणार!

"आवाजाशिवाय कारखाना कसा?" नबीलाने विचारलं.

"तो आपण नंतर वरून टाकू. थोडासा. फील यायला."

मित्रांनो, इतका मूर्ख माणूस तुम्ही पाहिला नसेल. आरसा पाहत असाल तर गोष्ट वेगळी.

त्याने केबिनच्या भिंतींना, आणि काचेलासुद्धा, काळा खडबडीत फोम चिकटवला. टेबलावर एक माइक आणून ठेवला. त्याच्या तोंडाला फोमचा मोठा काळा गोळा, अगदी भरताचं वांगं. "याच्या एकदम जवळ बोलायचं," तो म्हणाला. नबीलाचं नाक ते हनुवटी सगळं त्या वांग्यामागे गेलं. दार उघडं असलं तरी आता फक्त तिच्या भुवया हलताना दिसायच्या. भुवयांची बोली अजून कुणाला वाचता येत नाही.

मोहिउद्दीनचं हसणं बंद झालं.

नबीलाच्या ते लगेच लक्षात आलं. भाग झाला की ती त्याच्यापुढे येऊन विचारायची, "अब्बा, ऐकला? कसा झाला?" तो फोन कानाला गच्च धरायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "बेस हाय." पुढच्या वेळी पुन्हा "बेस हाय." दळण कसं आलं विचारलं तरी माणूस यापेक्षा जास्त बोलतो.

मला कारण ठाऊक होतं. अलीकडे माझा धागा तुटला तरी तो वळत नव्हता. मी मुद्दाम दोन धागे तोडून पाहिले, तीन तोडले, तरी नाही. मी त्याचे कान खाल्ले होते, मित्रांनो. इतकी वर्षं रोज थोडे थोडे, पोळीबरोबर लोणचं खावं तसे. त्यात मला लाज कसली? मी कान मागितले नव्हते, त्यानेच त्यात कापूस घातला नव्हता. घरी कुणी पाठीमागून बोललं की तो उत्तर द्यायचा नाही; घरचे म्हणायचे, शेठ तिरसट झाला. त्यालाही ते सोयीचं होतं. भिवंडीच्या सूतबाजारात तिरसट शेठला लोक वचकतात, बहिऱ्या शेठला गुंडाळतात.

नबीलाला मात्र वाटलं, अब्बांना आपला कंटाळा आला. मग तिचं बोलणं आणखी बिघडलं. वांग्याशी बोलणारा माणूस वांग्यासारखाच बोलणार. थापांचं शेपूट गेलं, थांबणं गेलं. दीपेशच्या सांगण्यावरून 'आजच्या भागात आपण जाणून घेणार आहोत' असलं सरकारी काहीतरी आलं. होते ते मूठभर श्रोतेही पांगले. दुबईवाल्याने लिहिलं, 'आता झोप येते, पण कंटाळ्याने.' तो माणूस मला आवडतो.

शेवटी तिने परीक्षा घ्यायची ठरवली. धोंडूबाईला आधी सांगून ठेवलं. भागात तिने एक धडधडीत थाप घातली: लग्नाच्या दिवशी अब्बा बकऱ्याला घाबरून उंबरावर चढले, आणि खाली बकऱ्याने त्यांचा सेहरा खाल्ला. मग फोन बापाच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मोहिउद्दीनने तो कानाला लावला. गंभीर चेहरा केला. योग्य वाटेल तिथे मान डोलावली.

"बेस हाय," तो म्हणाला. "अगदी खरा बोललीस."

पोरीचा चेहरा असा उतरला, जसा ताणा कापल्यावर बीमच्या रुळावरून उतरतो. ती कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, धोंडूबाईच्या कांड्यांपाशी जाऊन बसली. मधे मी आणि माझी भावंडं, सगळे जोरात चालू.

"ऐकतच न्हाईत ते," ती म्हणाली. "फोन कानाला लावतात आनि मनात भलताच विचार करतात. उद्यापासून बंद करते मी सगला. माइक दीपेशच्या डोक्यात घालते."

"डोकं रिकामंच हाय, बसंल बराबर," धोंडूबाई म्हणाली.

नबीला हसली नाही. मान वर करून, बापाकडे बघत, ओठातल्या ओठात पुटपुटली, "म्हातारा खोटारडा."

आणि त्या टोकाहून, सगळ्या मागांच्या वरून, मोहिउद्दीनचं तोंड उघडलं, "म्हातारा कोनाला बोलतंस गो? आनि खोटारडा कोन?"

धोंडूबाईच्या हातातली कांडी निसटली. नबीला उठून धावत माझ्यापाशी आली.

"तुमाला एवढा हलू बोललेला ऐकू आला?"

"ऐकू कुठला येतो," मोहिउद्दीन म्हणाला. "दिसला."

"आनि फोनवरचा?"

त्याने तिचा फोन उलटा केला, पालटला, मागूनपुढून पाहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "याला ओठ हायत का?"

नबीलाने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. डोळ्यांत पाणी वगैरे आलं असावं. माझ्याभोवती कापसाची धूळ इतकी उडते की रडणारे आणि शिंकणारे मला एकसारखेच दिसतात. मग तिने बापाची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि बकऱ्याची थाप पहिल्यापासून सांगितली. माइक नाही, फोन नाही, नुसते ओठ. उंबरापर्यंत तो डोळे वटारून बघत राहिला. सेहरा खाल्ल्यावर मात्र त्याला राहवेना.

"बकरा?" तो ओरडला. "मी काय बकऱ्याला घाबरेन? अगो, रेडा होता रेडा! आनि सेहरा न्हाय, त्यानं घोडा खाल्ला!"

आणि असा हसला, की टोपी पुन्हा माझ्या ताण्यावर. या वेळी मी तिचा एक कोपरा विणलाच.

त्याच दिवशी नबीलाने काचेवरचा फोम टराटरा ओढून काढला. दीपेश तिथेच होता. "अगं वेडी आहेस का? इको येईल!"

"येऊं दे," धोंडूबाई म्हणाली. "त्यालाबी चाय देऊ." आणि काळं वांगं उचलून तिने आपल्या पिशवीत टाकलं. घरी त्याने भांडी घासते म्हणे.

आता नबीला बोलते ती समोर बसलेल्या एकाच माणसाशी. सावकाश, तोंड मोकळं करून, तो हसेपर्यंत थांबून. आणि गंमत बघा, मालेगाव-इचलकरंजीपासून आखातापर्यंतची रिकामटेकडी माणसं म्हणतात, 'ताई, तुम्ही आमच्याशीच बोलता असं वाटतं.' ती तुमच्याशी बोलत नाही, मूर्खांनो! किती जण ऐकतात ते मला विचारू नका; मी मीटर मोजतो, माणसं नाही. दीपेश हल्ली सगळीकडे सांगत फिरतो की हे त्यानेच शिकवलं.

मोहिउद्दीनने कानाला ऐकण्याचं मशीनही लावलंय. कारखान्यात आला की काढून खिशात ठेवतो. माझा आवाज त्याला त्यातून सहन होत नाही, असं म्हणतो. माझा आवाज! सहन होत नाही!

तर मित्रांनो, रीतीप्रमाणे उपदेश. मागाला वेळेवर तेल पाजा. त्याच्याजवळ उभे राहणार असाल तर कानात कापूस घाला, कारण मी कुणाचे कान सोडत नाही. आणि कुणाला काही सांगायचं असेल तर त्याच्यापुढे जाऊन, तोंड दाखवून सांगा. यातलं तुम्ही काहीही करणार नाही, हे मला ठाऊक आहे.

हो, एक राहिलं. काल बोलायला बसण्याआधी मोहिउद्दीन माझ्यापाशी आला आणि माझा दांडा ओढून त्याने मला बंद केलं. बाकीच्यांनाही. "आज गोष्ट याची हाय," तो नबीलाला म्हणाला, "याला ऐकू दे." एवढ्या वर्षांत माझा असा अपमान झाला नव्हता. चालू दिवशी, भर कामात! कारखाना गप्प झाला. मग काचेचं दार उघडं ठेवून नबीला बोलू लागली, आणि तिचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. जरासा घोगरा आहे. 'आमच्या कारखान्यात एक म्हातारा माग हाय,' ती सांगत होती, 'उर्मट, कुरकुऱ्या, आणि त्याने भिवंडीची खाडी रुंद केली...' मध्ये मध्ये बापाचं हसणं. मी शेवटपर्यंत ऐकलं. दुसरं करणार काय, बंद होतो ना.

बेस हाय.