हद्दीखालचा कोळसा

मागच्या चैत्रात अन्नपूर्णेचा नातू दीपक माझ्या ओट्यावर आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मोठी आई, धुऱ्यावरचा आंबा तोडून राह्यलो. हार्वेस्टर आत जात नाही."

"तुहा आहे काय तो?"

"दगडाच्या इकडं आहे. म्हणजे आमचाच."

बांधावरचा तो आंबा माझ्या मालकांनी, शेषरावांनी लावलेला. कोय माझ्या माहेरची. ते गेल्यापासून मी शेतात गेले की भाकर त्याच्याच खाली सोडते. दुसरीकडे घास उतरत नाही.

आमच्या आणि अन्नपूर्णेच्या शेतामधला हद्दीचा दगड तीन हात माझ्याकडे सरकला होता, हे मला दिसत होतं. कोणी सरकवला असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं नांगर लागला की दगड सरकतो. म्हणून तर आमच्याकडे हद्द पाडताना दगडाखाली कोळसा पुरायची रीत होती. दोन्ही घरच्या चुलीतली एकेक ओंजळ, पंचांसमोर. वरचा दगड हलला तरी खालचा कोळसा हलत नाही आणि कुजतही नाही.

आमची हद्द पडली त्याच्या आदल्या दिवशी भावकीत मयत झाली होती. आमची चूल पेटली नव्हती. पंच जमलेले, दिवस मोडता येत नव्हता. तेव्हा अन्नपूर्णा म्हणाली, तुमच्या वाटची ओंजळही मीच आणते. घाईत तिनं कोळसा पदरातच आणला. नवं हिरवं लुगडं काळं झालं. सासूनं तिला आठ दिवस बोलून घेतलं. पुढे कितीतरी वर्षं त्या लुगड्यावरून आम्ही दोघी हसायचो. आंबा त्याच्या पुढच्या पावसाळ्यात लावला.

त्या वेळचे पंच आता कोणीच राहिले नाहीत. मी मोजणीचा अर्ज केला. मनात धास्ती नव्हती. अन्नपूर्णा होती ना.

मोजणीवाल्यानं यंत्र लावलं. म्हणाला, हद्द दोन-तीन हात इकडे किंवा तिकडे असू शकते. झाडाला परवानगी लागते म्हणून वनखात्याचा माणूस आला होता. त्यानं बुंध्याला टेप गुंडाळला आणि वय तीस ते पंचेचाळीस वर्षं सांगितलं. झाड हद्दीच्या आधीचं की नंतरचं, ते त्यातून कळत नव्हतं.

"खांदा," मी म्हटलं. "आंब्याच्या तिकडून खांदा."

गुडघाभर खणल्यावर कोळसा लागला. दीपकच्या बाजूला, मी म्हटलं तिथंच. मी दोन खडे उचलून पदरात बांधले.

मोजणीवाला म्हणाला, "कोळसा आहे आजी, पण कोळसा काय, कुठीही निघते. कोणी शेकोटी केली असन."

"गुडघाभर खोल शेकोटी करते का रे बापा कोणी? उंदरं शेकत होते काय?"

सगळे हसले. तोही हसला. आणि लिहीत राहिला.

अन्नपूर्णा आंब्याखालीच पोत्यावर बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अन्नपूर्णे, सांग या साहेबायले. हा कोळसा कोणाच्या पदरात आला होता?"

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "लई वर्षं झाली वं चांगुणे. असन बी, नसन बी."

"आन् ते हिरवं लुगडं?"

"आता कोणतं ध्यानात राह्यते माय."

दीपकनं खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढून दिली. वयोमानानुसार आजीची स्मृती कमी झालेली असू शकते, असं तिच्यात लिहिलं होतं. परवाच ही बाई माझ्या ओट्यावर बसून वीस वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या, जयमालाच्या लग्नात कोण रुसलं, कोणाला पंगतीत दुसऱ्यांदा बुंदी मिळाली नाही, ते एकेकाच्या नावानिशी सांगून गेली होती.

पंचनामा माझ्या हातात दिला. मी पन्नाशीनंतर साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकले, त्यामुळे बोट ठेवून हळूहळू वाचते. सगळे खोळंबले. झाडाचे वय निश्चित सांगता येत नाही. काळा पदार्थ जुना कोळसा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तथापि तो केव्हाचा हे समजून येत नाही. साक्षीदारास स्मरत नाही. सबब सध्याच्या दगडाप्रमाणे वहिवाट कायम ठेवण्यास हरकत दिसत नाही.

मी दोनदा वाचलं. त्यात धडधडीत खोटं कुठेच नव्हतं. भांडावं तर कोणत्या वाक्याशी?

अन्नपूर्णेपुढे अंगठ्यासाठी शाई धरली, तर तिनं पेन मागितला. वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. नाव लिहिताना तिचा हात कापायचा, म्हणून महिनाभर मी तिचा हात धरून नाव गिरवून घेतलं होतं. त्या दिवशी हात कापला नाही. स्वच्छ अक्षरात सही झाली.

तिसऱ्या दिवशी आंबा पाडला. घरात बसून मला करवतीचा आवाज ऐकू येत होता.

संध्याकाळी अन्नपूर्णा स्वतः पाटीभर कैऱ्या घेऊन आली. "लोणचं घाल," म्हणाली.

मी डाळ निवडत होते. मान वर केली नाही.

"रागावली काय वं?"

ती पायरीवर टेकली. जरा वेळानं तिची नजर माझ्या पदरावर गेली. खडे बांधले होते तिथं काळा डाग पडला होता.

"हे कोळशाचं हाय काय? निघत नाही वं हे," ती म्हणाली. "म्या त्या हिरव्या लुगड्याले रिठे लावले, राख लावली, घासू घासू कापड विरलं, पण डाग काही..."

ती थांबली.

मी सूप खाली ठेवलं. "किती वर्षं झाली त्याले?"

तिनं पाटीतली एक कैरी उचलली आणि परत ठेवली.

"बेचाळीस," ती म्हणाली आणि उठली. पाटी तिथंच राहिली.