गोळी न लागलेली पेटी

मित्रांनो, जुन्नरच्या बाजारात वलीच्या गाद्यांच्या दुकानावर तुम्ही कधी आला असाल, तर मला नक्की पाहिलं असेल. दारात बाकासारखी मांडलेली काळी पत्र्याची पेटी, तीच मी. माझ्या उजव्या कुशीला अंगठा जाईल एवढं भोक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यात बोट घालायचं, ‘इथंच गोळी लागली’ म्हणायचं आणि मी ऐकून घ्यायचं, असं बावीस वर्षं चाललं. त्या बावीस वर्षांची मला लाज वाटते. तीच सांगायला आज तोंड उघडते आहे.

माझा जन्म एका छावणीच्या बाजारात झाला. कारागिरानं पत्रा ठोकला, कड्या बसवल्या, काळा रंग दिला. नुकत्याच फौजेत भरती झालेल्या वलीनं मला घेतलं आणि पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर आपलं नाव आणि नंबर लिहून घेतला. पेटीचा नेम एकच. पोटात ठेवलेलं जपायचं, कुणाला सांगायचं नाही. तो मी एक दिवसही चुकवला नाही. पण नेम पाळूनही पाप लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

वली फौजेत आचारी होता. बर्फाच्या मुलखात वर चौकीवर लढाई पेटलेली, आणि खाली तंबूत वली आणि मंगलसिंग नावाचा त्याचा सोबती पहाटेपासून पुऱ्या तळायचे. थंडी अशी की डब्यातलं तूप दगड व्हायचं. एकदा ते फोडताना वलीच्या हातून टिकाव निसटला आणि माझ्या कुशीत घुसला. दोघं पोट धरून हसले. माझी जखम ती एवढीच. त्याच आठवड्यात मंगलसिंग गरम जेवणाचे डबे पाठीला बांधून वर गेला, तो परत आला नाही. वलीनं त्याचा झारा धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवला.

पेन्शन घेऊन वली जुन्नरला आला आणि वडिलांच्या गादीवर, म्हणजे गाद्यांच्या दुकानात, बसला. शेजारी गुलाबचंद शेठचं कापडाचं दुकान. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून शेठ म्हणाले, “गोळी का रे वली?”

वली काही बोलला नाही. फक्त एवढंच झालं. पण संध्याकाळपर्यंत बाजारभर गोळी झाली. पुढे पंधरा ऑगस्टला शाळेची मुलं माझ्यावर झेंडूची फुलं ठेवू लागली. वलीला लोक वाकून नमस्कार करू लागले. मलाही तो मान गोड लागला, खोटं कशाला बोलू? मात्र कुणाच्या लग्नात मोठी कढई दिसली की वली लांब उभा राहायचा. झारा हातात आला तर हातच सगळं सांगून टाकतील, ही त्याची भीती.

यंदाच्या जानेवारीत बाजारातल्या मंडळानं ठरवलं, सव्वीस तारखेला शाळेच्या मैदानावर पडदा बांधून लढाईचा सिनेमा दाखवायचा. कोणता, यावरून दुकानावर रोज वाद. जवळच्या खोडद गावचा बहिरू बाजाराला आला की माझ्यावर बसून दहा सिनेमांची यादी लावायचा.

“पयला नंबर तोफांच्या पिक्चरचा. लई आवाज. छातीत धडधडतं.”

“आवाजच पाहिजे तर दिवाळीला ये,” गुलाबचंद शेठ म्हणायचे. “ज्यात माणसं कमी मरतात तो सिनेमा वरचा. खेचरांचा घे.”

“मग साबणाची जाहिरात बघा की शेठ. तिच्यात कुणीच मरत नाय.”

“आणि तो आचाऱ्याचा?”

“दहावा. त्यो बी दया म्हणून. बाकीचे गोळ्या झेलत्यात आन् ह्यो पुऱ्या तळतोय. त्याला कसलं आलंय शौर्य, राव?”

शेठ हसले. आणि मित्रांनो, वलीही हसला. माझ्या तळाशी मंगलसिंगचा झारा होता. पत्र्याला अंग चोरता आलं असतं, तर मी ते चोरलं असतं.

शेवटी बहिरूच म्हणाला, “आपलं काय घेऊन बसलाय? ज्यानं गोळी झेलली त्यानं नंबर लावावा.” मंडळालाही ते पटलं. सिनेमा वली ठरवणार. आधी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मला स्टेजवर मांडायचं, आणि आघाडीवर काय पाहिलं ते त्यानं मुलांना सांगायचं.

त्या दुपारी सायराबानू, वलीची बायको, मला पुसत होती. दर जुम्म्याला नमाजाआधी ती मला पुसते. तुपाच्या डब्याची खरी गोष्ट तिला ठाऊक होती. नवऱ्याची झाकली मूठ म्हणून तीही गप्प होती. ती हलकेच म्हणाली, “आतल्या झाऱ्याचं काय करायचं?”

“आतलं आतच राहू दे.”

“अहो, रोजा असताना कुणी बघत नाही म्हणून आपण पाणी पितो का?”

वलीनं फडकं तिच्या हातून घेतलं आणि माझी तीच ती कड कितीतरी वेळ पुसत राहिला.

तीन दिवस उरले तेव्हा बहिरू तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. लांबून दिसावं म्हणून त्याला भोकाभोवती गोल काढायचा होता. ब्रश टेकणार, तोच वलीनं त्याचा हात धरला आणि माझं झाकण उघडलं. पदक निघेल म्हणून बहिरूनं मान पुढं केली, शेठ उठून आले. निघाला झारा.

वलीनं सगळं सांगितलं. टिकाव, तूप, मंगलसिंग. खाली मान घालून, न थांबता.

“म्हंजी गोळी न्हाईच?” बहिरू म्हणाला. “वलीभाऊ, मी सासरवाडीला सांगितलंय राव. पावणं आणून दावलंय.”

“माहीत आहे. मी समोरच बसलो होतो.”

“गोळी मी घातली,” गुलाबचंद शेठ पुटपुटले. “पहिल्या दिवशी मीच म्हणालो.”

“मी काढली नाही, शेठ.” मग वली बहिरूला म्हणाला, “तो आचाऱ्याचा सिनेमा दहावाच ठेव. आचारी आहे, पण जेवताना कुणीच दिसत नाही. वर बसलेल्या माणसाला शत्रू कधीतरी दिसतो, भूक रोज लागते. तुझ्या तोफांच्या सिनेमात तरी कुणी जेवतं का, बघ एकदा.”

बहिरू रंगाचा डबा तिथंच टाकून गेला. पुढचे दोन दिवस फिरकला नाही. शाल दुसऱ्या निवृत्त जवानाला गेली. बाजारात लोक कुजबुजले, काही हसलेही. वली खाली मान घालून कापूस भरत राहिला. हसू त्याच्या वाट्याचंच होतं, आणि अर्धं माझ्या.

सव्वीस तारखेच्या संध्याकाळी पडद्यावर तोफांचाच सिनेमा लागला. पडद्यामागे, लिंबाच्या झाडाखाली, वली मुलांसाठी पुऱ्या तळत होता. मंडळाकडे त्यानं एवढं एकच मागितलं होतं. मी कढईशेजारी होते, माझ्यावर सायराबानू पुऱ्या लाटत होती. इतक्या वर्षांनी तो झारा तेलात उतरला. वलीचे हात काहीच विसरले नव्हते. गुलाबचंद शेठ आपल्या जैन नेमानं दिवस मावळायच्या आत जेवून आले होते, म्हणून नुसते वाढायला उभे होते.

तिकडे तोफा गडगडत होत्या आणि पडद्याआडून बहिरू आला. सायराबानूनं पोळपाट उचलला, तसा बहिरू माझ्यावर टेकला.

“तुझा पहिला नंबर सोडून आलास?” शेठनी विचारलं.

“अर्धा झाला,” बहिरू वलीकडे बघत म्हणाला. “कुणी जेवतंय का, बघत बसलो व्हतो. अजून कुणीच जेवलं नाय.” आणि त्यानं ताटली पुढं केली.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी जुनी पेटी असेल तर तिला पुसा, ओलीपासून जपा. तिच्यावर एखादी खूण दिसली तर मालकाला विचाराही. पण तो गप्प राहिला, तर त्याच्या गप्प राहण्यात आपल्या मनातली गोष्ट भरू नका. ती काढायला माणसाला बावीस वर्षं लागतात. भोक माझं अजून आहे. त्यात आता कुणी बोट घातलं की वली स्वतःच सांगतो, “तुपाचा डबा.” काही जण हिरमुसून बोट काढून घेतात. तेव्हा मला अजूनही थोडी लाज वाटते. वाटू दे. तिलाही मी आता जपून ठेवते.